मुलांचा योग, सजगता आणि सेवा : आधी काम ठरवा, मग आसने निवडा

२१ जूनला योगदिन होतो, शाळेच्या सभागृहात चटया पसरतात, फोटो निघतात. २ ऑक्टोबरला त्याच मुलांच्या हाती झाडू येतो. या दोन्हींची सांगड घालून वर्षभर वर्ग चालवावा असे पुष्कळ पालक-शिक्षक संघांना आणि युवक मंडळांना वाटते, पण वर्ग चतुर्थीच्या आसपास थंडावतो. कारण बहुतेक ठिकाणी एकच असते. आसनांची यादी आधी ठरते आणि सेवा उरलेल्या वीस मिनिटांत कोंबली जाते. मुलांना दोहोंचा संबंध दिसत नाही, कारण तो जोडलेलाच नसतो.

म्हणून क्रम उलटा करायचा. काम आधी ठरवायचे आणि त्या कामाला शरीराची जी तयारी लागेल तीच आसनांतून करून घ्यायची. पन्नास वेळा वाकून कचरा उचलायचा असेल तर मांड्या, घोटे आणि कंबर. एखाद्या आजीजवळ अर्धा तास बसायचे असेल तर ताठ बैठक आणि मध्येच तोंड न घालता ऐकणे.

पुढची आखणी गोव्यातल्या गावांत ८ ते १४ वयोगटातल्या १२ ते १५ मुलांसाठी आहे : आठवड्यातून एकदा, ९० मिनिटे, एकूण १२ सत्रे. पहिल्या तीन सत्रांत सेवा नाही. चौथ्यात फक्त कामाची जागा बघून यायचे. पाचव्यापासून काम. आठपेक्षा लहान मुलांना यात ओढू नका. त्यांचा वेगळा, ४० मिनिटांचा, खेळाच्या अंगाने जाणारा वर्ग घ्या.

टप्पा १ : काम शोधणे (वर्ग सुरू होण्याआधी तीन-चार आठवडे)

काम घरात बसून ठरवू नका. वाड्यावर (गावातल्या वस्तीत) फिरा, पंचांना (पंचायतीच्या सदस्यांना) विचारा, अंगणवाडीच्या बाईंना विचारा. प्रत्येक कामाला चार प्रश्न लावा. हे काम कुणाला खरोखर हवे आहे का? ३५ मिनिटांत त्याचा एक तुकडा पुरा होतो का? दर आठवड्याला पुन्हा करता येते का? आणि मुलांच्या हातून धोक्याविना होते का? एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर ते काम सोडा.

बसणारी कामे बरीच आहेत. एकट्या राहणाऱ्या वयस्कांकडे जाणे हे गोव्यात पहिल्या क्रमांकाचे. मुलगे बोटीवर नोकरीला किंवा परदेशात आणि घरात दोघेच म्हातारे, अशी घरे प्रत्येक वाड्यावर आहेत. अंगणवाडीत गोष्ट वाचून दाखवणे, गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांना कव्हरे घालणे, शाळेच्या रोपवाटिकेत पिशव्या भरणे, किनाऱ्यावरचा सुका कचरा उचलणे हीसुद्धा चालतील. चतुर्थीनंतरचे निर्माल्य वेगळे करणेही चांगले, मात्र माटोळीतली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या आराशीतली) सगळी फळे खाण्याजोगी नसतात. चव घेऊन बघायची नाही हे आधीच बजावून ठेवा.

न बसणारी कामेही स्पष्ट सांगायला हवीत, कारण उत्साहाच्या भरात हीच निवडली जातात. तळीच्या पायऱ्या आणि विहिरीचा काठ नको. हायवेची कड नको. जत्रेच्या गर्दीत मुलांना स्वयंसेवक म्हणून उभे करणे नको. आणि नरकचतुर्दशीच्या सकाळी चौकात पडलेले नरकासुराच्या पुतळ्याचे अवशेष मुलांकडून उचलून घेणे तर मुळीच नको. त्यात बांधणीची तार, खिळे आणि कधीकधी न फुटलेले फटाके असतात. ते काम ज्यांनी नरकासुर केला त्यांचेच.

विचारताना एक चूक हमखास होते. ‘तुम्हाला काय मदत हवी?’ असे विचारले की वयस्क माणसे ‘काही नको रे बाबा’ म्हणतात. नेमके विचारा. सुईत दोरा ओवून द्यायला कुणी येते का? विजेच्या बिलावरचे बारीक अक्षर दिसते का? पेपर वाचून दाखवला तर आवडेल का? मोबाइलमध्ये मुलाचा नंबर मोठ्या अक्षरात दिसेल असा ठेवून देऊ का? अशा प्रश्नांना खरी उत्तरे येतात.

*तपासणी :* कामाची एक ओळ वहीत लिहा. कुणासाठी, कुठे, नेमके काय, कुणी मागितले. ‘कुणी मागितले’ ही जागा रिकामी राहिली तर अजून काम सापडलेले नाही.

टप्पा २ : मोठी माणसे आणि परवानग्या

वर्गात दोन मोठी माणसे हवीत, बाहेर पडल्यावर दर पाच मुलांमागे एक; घरभेटींना मात्र प्रत्येक घरामागे एक (टप्पा ७). उघड्यावरच्या कामाला पंधरा मुले असतील तर तीन, आणि चौथे माणूस घरी परतणाऱ्या मुलासाठी किंवा दुखापतीसाठी मोकळे. शनिवारी तीन जण जमत नसतील तर त्या दिवशी बाहेर जाऊ नका, वर्गातच थांबा.

मुलांच्या संरक्षणासाठी गोव्यात २००३ चा स्वतंत्र बाल कायदा आहे आणि देशभर २०१२ चा पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदा लागू आहे. रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ साधा घ्या. कोणतेही मोठे माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटे राहणार नाही, मग ते तुम्ही असा की ज्यांच्या घरी जायचे ते आजोबा. आसन दुरुस्त करताना हात लावायचा नाही; स्वतः करून दाखवायचे. फोटो पालकांच्या लेखी होकाराशिवाय नाही, आणि ज्यांच्या घरी जाता त्यांच्या होकाराशिवायही नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पालकांच्या होकारपत्रात हे विचारा : दमा आहे का आणि इनहेलर कुठे असतो, फिट येते का, गेल्या सहा महिन्यांत हाड मोडले किंवा शस्त्रक्रिया झाली का, हर्निया, कानाचे दुखणे, कशाची अॅलर्जी (काजू, शेंगदाणे, मधमाशीचा डंख), शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन कधी, मूल न्यायला कोण येणार. शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मग अंधार पडल्यावर फोनाफोनी होते.

ॐकार आणि प्रार्थनेचा प्रश्नही इथेच मिटवा. गावात हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांची मुले येणार. सूर्यनमस्कार आकड्यांवर घेता येतो, सुरुवातीला एक मिनिट शांत बसता येते. ज्याला मनात जे म्हणायचे ते त्याने म्हणावे. हे पालकांना पहिल्या भेटीतच सांगितले तर पुढे गैरसमज होत नाहीत.

टप्पा ३ : वेळ आणि जागा

रविवारची सकाळ सर्वांना सोयीची वाटते आणि तिथेच अर्धा गट गळतो. ख्रिश्चन मुलांचे मिस (चर्चमधली प्रार्थना) आणि धर्मशिक्षणाचे वर्ग बहुधा त्याच वेळी असतात. शनिवारी संध्याकाळी साडेचार ते सहा ही वेळ बरी पडते. एक-दीडला जेवण झालेले असते, म्हणजे आसनांना हवे ते तीन तासांचे अंतर आपोआप मिळते, आणि वयस्क माणसांची दुपारची झोपही आटोपलेली असते. दोन ते चारच्या दरम्यान कुणाच्या दारात मुले घेऊन उभे राहू नका. चिडलेल्या माणसाची सेवा करता येत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा त्या महिन्यात वर्ग पंधरा मिनिटे अलीकडे आणा.

जागा म्हणून पंचायतीचे किंवा शाळेचे सभागृह घ्या. देवळाचा सभामंडप ऐसपैस असतो खरा, पण काही मुले तिथे येणार नाहीत; चर्चच्या हॉलचेही तेच. जमीन कोरडी आणि घसरत नसलेली हवी. गुळगुळीत टाइल्सवर चटई सरकते आणि पर्वतासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) हात निसटून हनुवटी आपटते. तिथे रबरी मॅटच लागते. ती नसेल तर चटई काढून अनवाणी उघड्या जमिनीवर करा.

सुरुवात दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात बाहेरचे काम ठरले तरी निम्म्या वेळा रद्द होते, आणि साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात पायाला जखम असलेली मुले उतरली तर लेप्टोस्पायरोसिसचा (उंदीर-गुरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो. जूनमध्येच सुरू करायचे असेल तर घरातली कामे निवडा : कव्हरे घालणे, वाचन, वयस्कांच्या भेटी. तारखा ठरवताना शाळेचे परीक्षेचे वेळापत्रक, गावची जत्रा आणि ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त (चर्चचा उत्सव) समोर ठेवा.

टप्पा ४ : सामान

पंधरा मुलांसाठी : मॅट १५, पितळेची वाटी आणि लाकडी चमचा, जुने टॉवेल ८, पाण्याचे तांबे ६, पिण्याचे पाणी १५ लिटर, साबण, प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटे, शिटी. बाहेरच्या कामाला रबराचा थर असलेले कापडी हातमोजे मुलांच्या मापाचे, चिमटे ६, गोणी १०, काचेसाठी झाकणाची प्लास्टिक बादली एक.

हातमोज्यांच्या मापात काटकसर करू नका. मोठ्यांचे मोजे मुलांच्या बोटांतून निसटतात, पाचव्या मिनिटाला मुले ते काढून खिशात घालतात आणि सातव्या मिनिटाला बोट कापते.

टप्पा ५ : पहिली तीन सत्रे, सेवेविना

*सत्र १ : थांबणे.* सगळ्यात आधी शिकवायचे ते थांबणे. वाटी एकदा वाजली की पाय जागच्या जागी, हातातली वस्तू खाली, डोळे तुमच्याकडे. चालताना, उड्या मारताना, गप्पांत असे सत्रभरात सहा वेळा वाजवा. तिसऱ्या सत्रापर्यंत सगळा गट तीन सेकंदांत थांबला पाहिजे. पुढे किनाऱ्यावर वाटीच्या जागी शिटी येते आणि याच सवयीवर सुरक्षितता उभी असते. थांबायला न शिकलेला गट बाहेर नेऊ नका, मग त्यांना वृक्षासन कितीही छान येत असो.

*सत्र २ : कामाला लागणारी आसने.* सहा पुरेत.

मालासन, म्हणजे उकिडवे बसणे, हे वाकण्याच्या कामाचे मूळ. पाय खांद्याएवढे रुंद, पावले किंचित बाहेर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. टाचा उचलल्या जात असतील तर टॉवेलची घडी टाचांखाली द्या. जबरदस्तीने टाचा टेकवायला लावले की मूल मागे कलंडते. पाच श्वास, मग उठणे. ते नीट जमले की हातात रिकामी बादली द्या, मग दोन लिटर पाण्याची. बादली शरीराजवळ, पाठ सरळ, जोर मांड्यांचा. कंबरेतून वाकून उचलणारे मूल इथेच पकडा, पुढे किनाऱ्यावर ते दिसणार नाही.

उत्कटासन (खुर्चीवर बसल्यासारखे) मांड्यांसाठी, तीन श्वास. मार्जरासन (हाता-गुडघ्यांवर राहून पाठ वर-खाली) पाठीसाठी, आठ वेळा, श्वासाच्या लयीत. पर्वतासन खांद्यांसाठी, गुडघे थोडे वाकलेले चालतील. वृक्षासन (एका पायावर उभे) भिंतीजवळ, पाऊल गुडघ्यावर न टेकवता पोटरीवर किंवा मांडीवर. शेवटी शशांकासन (टाचांवर बसून कपाळ जमिनीला).

सूर्यनमस्कार घ्यायचे असतील तर दोन ते चार, सावकाश. बाराचा आकडा गाठण्याच्या नादात मुले सहाव्या स्थितीत धपकन आपटतात. तिथे आधी गुडघे, मग छाती, मग हनुवटी असा क्रम सांगा.

*सावध :* शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणे या वयोगटाच्या गटवर्गात घेऊ नका. मानेवर भार येणारी आसने पंधरा मुलांवर एकाच वेळी लक्ष ठेवून घेता येत नाहीत, आणि जोरजोरात श्वास घेतल्याने मुलांना गरगरते. वाढत्या वयात सांधे सैल असतात. पाठीवर दाबून ‘अजून खाली’ नेणे हा या वर्गांतला सगळ्यात वाईट प्रकार आहे. ‘कोण जास्त वेळ राहतो’ ही शर्यतही नको. अशी शर्यत लागली की श्वास रोखून धरला जातो आणि तुम्हाला कळतही नाही.

*सत्र ३ : लक्ष देणे.* चार खेळ, प्रत्येक दोन-तीन मिनिटांचा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दोन मिनिटे पुष्कळ झाली. बारा-तेराची मुले चार-पाच मिनिटे बसतात. दहा मिनिटांचे ध्यान लावायला गेलात तर निम्मी मुले चुळबुळतील आणि उरलेली झोपतील.

पहिला, वाटीचा नाद. वाजवा, आणि आवाज पूर्ण विरला असे ज्याला वाटेल त्याने हात वर करावा. दुसरा, बोटांवरचा श्वास. डाव्या पंजाच्या कडेने उजवे बोट फिरवायचे, वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. तिसरा, काठोकाठ भरलेला तांबा घेऊन सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणे, सांडल्यास पुसायचे आपणच. चौथा, आमसुलाचा तुकडा जिभेवर ठेवून मिनिटभर न चावणे. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते, जबडा आवळतो, हसू फुटते. काय काय झाले ते नंतर सांगायचे. काजू किंवा शेंगदाणा वापरण्यापेक्षा आमसूल बरे, अॅलर्जीची भीती कमी.

डोळे मिटण्याची सक्ती करू नका. घरात काही विपरीत घडलेले असेल अशा मुलाला डोळे मिटून शांत बसणे जड जाते. समोरच्या जमिनीवर नजर टेकवलेली चालते. ‘मन रिकामे करा’, ‘विचार करू नका’ या सूचना सोडून द्या. त्या मोठ्यांनाही जमत नाहीत. ‘लक्ष पळाले? बरे, परत आण’ एवढे पुरे. सूचना घरच्या कोंकणीतून दिल्या तर आणखी उत्तम. आणि दंगा करणाऱ्याला शिक्षा म्हणून ‘जा, कोपऱ्यात ध्यान कर’ असे चुकूनही म्हणू नका. एकदा म्हटलेत की तो खेळ त्या मुलासाठी संपला.

*तपासणी :* तिसऱ्या सत्राअखेर : गट तीन सेकंदांत थांबतो. प्रत्येक मूल बादली मांड्यांच्या जोराने उचलते. प्रत्येक जण दोन मिनिटे समोरच्याचे ऐकून त्यातली एक गोष्ट पुन्हा सांगू शकतो. यातले एक जरी कच्चे असेल तर चौथे सत्रही इथेच घ्या. घाई कुणालाच नाही.

टप्पा ६ : ९० मिनिटांचा क्रम

पहिली पाच मिनिटे हजेरी, पाणी, कुणाला ताप-खोकला आहे का याची विचारणा. पुढची वीस मिनिटे आसने. पाच मिनिटे लक्ष देण्याचा एक खेळ. पाच मिनिटे जोड्या लावणे आणि आजच्या कामाची सूचना. पस्तीस मिनिटे काम, येण्या-जाण्यासह. पाच मिनिटे हात-पाय धुणे. दहा मिनिटे गोल बसून बोलणे. शेवटची पाच मिनिटे भिंतीला पाठ टेकून शांत, मग ज्याचे मूल त्याच्या हवाली.

काम आधी आणि आसने नंतर असा बदल पुष्कळ जण करून बघतात. चालत नाही. मुले घामाघूम, पाय वाळूने भरलेले, मॅटी खराब, आणि थकलेल्या शरीराने केलेले आसन वाकडे. शवासनही कामानंतर नको. मुले झोपतात आणि न्यायला आलेले पालक ताटकळतात.

दोन जागांचे अंतर दहा मिनिटांच्या चालीपेक्षा जास्त असेल तर काम बदला किंवा सभागृह बदला.

टप्पा ७ : प्रत्यक्ष काम

*वयस्कांच्या घरी.* एका घरी दोन मुले आणि एक मोठे माणूस. पाच मुले एका वेळी गेली की ती भेट राहत नाही, वरात होते. तीच जोडी तेच घर, बाराव्या सत्रापर्यंत. दर वेळी नवी मुले आली तर आजींना दर वेळी तेच ते सांगावे लागते.

फाटकाशी थांबून तीन श्वास. मग हाक, नाव सांगणे, ‘येऊ का?’ हो म्हणेपर्यंत पायरी चढायची नाही. घरात कुत्रा असेल तर तो बांधेपर्यंत बाहेरच. चपला दाराबाहेर अशा काढा की म्हाताऱ्या माणसाचा पाय त्यात अडकणार नाही. ही बारीक गोष्ट वाटते, पण उंबऱ्याशी पडणे असेच होते. हाक घरात रूढ असेल तीच, कुठे आजी, कुठे आंटी.

आत गेल्यावर समोरासमोर, शक्यतो त्यांच्याच उंचीवर बसायचे. कोणत्या कानाने बरे ऐकू येते ते पहिल्या भेटीत विचारून त्या बाजूला बसा. मोठ्याने ओरडण्यापेक्षा सावकाश बोलणे जास्त पोचते. एक मूल कामाचे, एक ऐकण्याचे. पंधरा मिनिटांनी अदलाबदल.

दोरा ओवण्याचे उदाहरण घ्या. दहा सुया, पांढरा आणि काळा दोरा, प्रत्येक दोरा हातभर, टोकाला गाठ, आणि ओवलेल्या सुया कापडाच्या तुकड्यात रांगेने टोचून ठेवायच्या. वीस मिनिटांचे काम. ते करताना मुलाचा श्वास आपोआप मंदावतो, मान झुकते, जीभ दाताखाली जाते. ‘तिसऱ्या सत्रातला तांबा आठव’ असे म्हणावे लागत नाही. शेवटी सुया मोजायच्या : दहा आणल्या, दहा कापडात. एक जरी कमी भरली तरी सापडेपर्यंत उठायचे नाही.

काय करायचे नाही तेही मुलांना तोंडपाठ हवे. औषधांना हात नाही, गोळ्या काढूनसुद्धा द्यायच्या नाहीत. शिडी, स्टूल, माळा नाही. गोड न्यायचे नाही, मधुमेह घरोघरी आहे. पैसे दिले तर हात जोडून नको म्हणायचे. खाऊ दिला तर सोबतच्या मोठ्या माणसाकडे. ‘तुमचा मुलगा कधी येणार?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्या स्वतः बोलल्या तर ऐकायचे. आणि आजी पडलेल्या दिसल्या तर उचलायचे नाही. मोठ्या माणसाला हाक, १०८ ला फोन, उशी-चादर. चुकीचे उचलल्याने मोडलेले हाड आणखी सरकते.

घरातली एखादी गोष्ट बाहेर बोलायची नाही, हा नियम. अपवाद एकच : कुणी मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला मारते, उपाशी ठेवते, नको तसा हात लावते असे दिसले तर ते तुम्हाला लगेच सांगायचे.

*किनाऱ्यावर.* ओहोटीचे, आपल्या भाषेत सुकतीचे, वेळापत्रक बघून जा. इथे एक गणित लोक विसरतात. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे या शनिवारी साडेचारला सुकती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी जवळजवळ पूर्ण भरती. म्हणून किनारा आणि घरभेटी आलटून-पालटून ठेवा. सोपे पडते.

पंचायतीशी बोलून गोणी कोण, कधी आणि कोणत्या गाडीतून नेणार हे आधी ठरवा. न ठरवता गोळा केलेल्या गोणी रात्री कुत्री फाडतात आणि सकाळी किनारा आधीपेक्षा वाईट दिसतो. जीवरक्षकांना सांगा, लाल झेंडा असेल तर परत फिरा. पाण्यात पाऊल नाही; कामाची हद्द कोरड्या वाळूत. प्रत्येक जोडीला २० पावलांचा पट्टा आखून द्या आणि गोणीत ३ किलोपेक्षा जास्त भरू देऊ नका.

मुलांनी उचलायचे : बाटल्या, झाकणे, वेष्टने, स्ट्रॉ, थर्माकोल. मोठ्यांनी : काच, सुया, खिळे असलेली फळी. मुलाने काच पाहिली की जागेवर थांबून हात वर करायचा. मेलेला जेलीफिश वाळूवरही डंख करतो, काठीनेसुद्धा ढोसायचा नाही. वाळूत अर्धे गाडलेले जाळे ओढू नका. ते टाकलेले नसेलही, आधी रापणकारांना (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना) विचारा. मे महिन्यात आणि पावसाच्या तोंडावर डांबराचे गोळे लागतात. पायाला चिकटल्यास खोबरेल तेल चोळा आणि पुसा, रॉकेल नको.

मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च कासवे अंडी घालतात. तिथे वन खात्याच्या माणसांना विचारल्याशिवाय काम नाही, दाताळे नाही, खणणे नाही, कुंपणाच्या आत पाय नाही, अंधार पडल्यावर बॅटरी मारणे नाही. वाळूच्या टेकड्यांवर पसरणारी मर्यादवेल ही वेल म्हणजे कचरा नव्हे. ती उपटून ‘साफसफाई’ केल्याचे फोटो दरवर्षी दिसतात.

टप्पा ८ : गोल बसून बोलणे

‘कसे वाटले?’ विचारले की ‘बरे वाटले’ हे एकच उत्तर फिरत राहते. तीन प्रश्न ठेवा. आज कशाकडे बारीक लक्ष गेले? लक्ष कुठे पळाले? पुढच्या वेळी काय न्यायला किंवा टाळायला हवे? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे लिहून घ्या आणि पुढच्या शनिवारी त्यातली एक तरी अमलात आणा. मुलांचे सांगणे कुणी ऐकत नाही असे एकदा त्यांच्या लक्षात आले की ती बोलायची बंद होतात.

गुण, बॅज, ‘उत्कृष्ट सेवक’ प्रमाणपत्र यांपासून लांब राहा. बक्षीस ठेवले की मुले भरलेल्या गोणी मोजतात, आणि आजींकडे गेलेल्या जोडीला मोजायला काहीच नसते.

टप्पा ९ : बिनसले तर

हसण्याची लाट आली तर दटावू नका. सगळ्यांना उभे करून दोन मिनिटे जागेवर धावायला लावा, मग पुन्हा बसवा. एखादे मूल शांत बसताना रडू लागले तर त्याला सर्वांसमोर विचारू नका. दुसऱ्या मोठ्या माणसाने त्याला सगळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात, पण थोडे बाजूला नेऊन पाणी द्यावे. तेरा-चौदाची मुले कंटाळली तर त्यांच्याकडे सामानाची मोजदाद आणि सुकतीचे वेळापत्रक द्या. जबाबदारी मिळाली की ती टिकतात. पालकांनी स्नेहसंमेलनात योगाचे प्रात्यक्षिक मागितले तर नम्रपणे नाही म्हणा; त्या एका कार्यक्रमाच्या तालमीत तुमची तीन सत्रे जातात.

घरभेटींचा शेवट मात्र अचानक करू नका. शेवटून तिसऱ्या भेटीतच आजींना सांगा की अजून दोनदा येणार. त्यानंतरच्या भेटीत विचारा, यातले कुठले काम पुढेही लागेल. शेवटच्या भेटीला ते काम पुढे कोण करणार त्या माणसाला, शेजारी असो, नातेवाईक असो वा पुढच्या गटातली जोडी, बरोबर घेऊन जा आणि ओळख करून द्या. त्याचा फोन नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्यांच्या नेहमीच्या कॅलेंडरवर चिकटवा आणि निघण्याआधी त्यांच्याकडून एकदा वाचून घ्या.